डोहाची साक्ष

न्यायालयात वीस वर्षे साक्षी ऐकल्यानंतर माणसाच्या डोळ्यांवरचा विश्वास उडत नाही. मात्र तो कोणत्या प्रकाशात, किती अंतरावरून आणि मनाच्या कोणत्या स्थितीत ठेवावा, हे हळूहळू कळू लागते. जलाशयातील अद्भुत प्राण्यांच्या कथांकडे मी वळलो तो याच वाटेने. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण एका साक्षीने मला त्या विषयाच्या काठावर आणून सोडले, आणि तेथून मला अद्याप परत फिरता आलेले नाही.

वकिलीच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट. मी एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करीत होतो. इंदूरच्या बाहेर मुरूम काढून काढून पडलेल्या एका खोल खाणीत पावसाचे पाणी साठले होते आणि त्यात बारा वर्षांचा एक मुलगा बुडून मेला होता. बापाने ठेकेदारावर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. आम्ही ठेकेदाराच्या बाजूने होतो. उलटतपासणीत मुलाचा चुलता म्हणाला, "साहेब, पोराला आसरांनी नेला. पाण्यात काळं काहीतरी हललेलं मी या डोळ्यांनी पाहिलं." हे उत्तर त्याच्या तोंडून काढणारा प्रश्न मीच लिहून दिला होता. त्या दिवशी मला शाबासकी मिळाली. खाणीला कुंपण नव्हते, पाटी नव्हती, उतरायला धड वाट नव्हती, हा मूळ मुद्दा त्या 'काळ्या काहीतरी'च्या मागे दडून गेला आणि दावा अल्प रकमेवर मिटला. चुलता खोटे बोलत नव्हता. त्याने जे पाहिले असे त्याला वाटले, तेच तो सांगत होता. तेव्हापासून, पाण्यात काळे काहीतरी हलते तेव्हा नेमके काय हलते, हा प्रश्न माझा पिच्छा पुरवीत आला आहे.

असो. या प्रकारच्या साक्षींचे जगातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवराचे आहे. सुमारे २३० मीटर खोल, थंड आणि गढूळ असे ते पाणी. १९३३ च्या मे महिन्यात 'इन्व्हरनेस कुरिअर' या वृत्तपत्राने तेथे एक प्रचंड जलचर दिसल्याची बातमी छापली. त्याच सुमारास सरोवराच्या काठाने नव्या रस्त्याचे काम झाले होते, त्यामुळे पाण्याकडे पाहणारे डोळे एकाएकी वाढले. बातमीने पाहणारे आणले आणि पाहणाऱ्यांनी नव्या बातम्या पुरविल्या. वर्ष संपता संपता 'डेली मेल' या पत्राने वेदरेल नावाच्या एका शिकाऱ्यास शोधासाठी धाडले. त्याला काठावर मोठी पावलेही सापडली. परंतु संग्रहालयातील तज्ज्ञांनी ती तपासली तेव्हा ती पाणघोड्याच्या वाळविलेल्या पायाने उमटविलेली निघाली. १९३४ च्या एप्रिलमध्ये त्याच पत्रात लांब मान वर काढलेल्या प्राण्याचे छायाचित्र आले. ते एका प्रतिष्ठित शल्यवैद्याच्या नावावर प्रसिद्ध झाल्यामुळे साठ वर्षे पुष्कळांनी ते प्रमाण मानले. अखेर १९९४ मध्ये उघड झाले, की ती मान खेळण्यातल्या पाणबुडीवर बसविलेली होती आणि तो बनाव रचण्यात खुद्द वेदरेलचा हात होता.

कायद्याचा विद्यार्थी या प्रकरणातून जे शिकतो ते एवढेच नव्हे, की लोक फसवितात. फसविणारे दोन-चारच होते. प्रामाणिकपणे पाहणारे शेकडो होते. त्यांनी काय पाहिले? वारा पडल्यावर दूरच्या नौकेच्या लाटा नौका दिसेनाशी झाल्यानंतरही बराच वेळ पाण्यावर चालत राहतात. पोहणारे हरीण, रांगेने जाणारे पाणपक्षी, तरंगणारा ओंडका, यांचे आकारमान ठरविण्यास सपाट पाण्यावर दुसरे मापच नसते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमाने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असे सांगितले होते: पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगावी. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी तत्त्व तेच राहिले. परंतु प्रत्यक्ष साक्षीतही पाहणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि उलटतपासणीचा सारा खटाटोप त्या दोहोंमधील फटीत चालतो. २०१८ मध्ये न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी साक्षीदारांना विचारले नाही, पाण्यालाच विचारले. प्रत्येक जीव आपल्या अंगाचे सूक्ष्म अवशेष पाण्यात सोडीत असतो. सरोवराच्या पाण्याचे सुमारे २५० नमुने घेऊन त्यांतील वंशद्रव्य त्यांनी तपासले. २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. सरीसृपाचे चिन्ह कोठेही नव्हते. अहिरमाशांसारख्या ईल माशांचे मात्र जागोजाग होते. कदाचित एखादी मोठी ईल कोणी पाहिली असेल, याहून अधिक काही त्यांनी म्हटले नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशातील प्रकरण याच्या नेमके उलटे आहे. तेथे साक्षी उदंड आणि प्राणी नाही. येथे प्राणी साक्षात पाण्यात आहे, आणि त्याच्याभोवती देवकथांचे इतके दाट शेवाळ वाढले आहे की मूळ जीवाकडे पाहण्याचे आपण विसरतो.

माळव्यापासून फार दूर न जाता पाहू. आजच्या सतना जिल्ह्यातील भरहूतचा स्तूप इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. १८७३ मध्ये कनिंगहॅमने तो उजेडात आणला आणि त्याचे कठडे आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांतील एका पदकात एक अक्राळविक्राळ जलचर जबडा पसरून माणसांनी भरलेली नौका गिळू पाहत आहे. सोबतच्या लेखात त्याला तिमितिमिंगिल म्हटले आहे आणि वसुगुप्त नावाचा व्यापारी त्याच्या उदरातून वाचल्याचे सांगितले आहे. समुद्रापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या शिल्पकाराने तो प्राणी पाहिला असण्याचा संभव फारसा नाही. तो त्याने ऐकला असावा. म्हणजे ऐकीव पुरावा दगडात कोरला गेला, तो असा. याउलट विदिशेजवळच्या उदयगिरीत, गुप्तकाळात पाचव्या शतकाच्या आरंभी कोरलेल्या भव्य वराहमूर्तीच्या बाजूला गंगा आणि यमुना आपापल्या वाहनांवर उभ्या आहेत: गंगा मकरावर, यमुना कासवावर. कासव आपण ओळखतो. मकर कोण?

मूर्तिकारांनी त्याला कधी हत्तीची सोंड दिली, कधी माशाची शेपटी, पण जबडा आणि दात बहुधा सुसरीचेच ठेवले. वरुणाचे वाहन तो, मदनाच्या ध्वजावर तो, गंगेप्रमाणे नर्मदेचे वाहनही तोच. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी जलचरांमध्ये आपण मकर असल्याचे सांगितले आहे. देवळाच्या तोरणाच्या दोन्ही टोकांना तो असतो, आणि गाभाऱ्यातील अभिषेकाचे तीर्थ अनेक प्राचीन मंदिरांत त्याच्याच मुखातून बाहेर पडते. ते तीर्थ ओंजळीत घेताना आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते, की हा जबडा कोण्या काळी कोणीतरी नदीकाठी जीव मुठीत धरून पाहिला होता?

आपल्या नद्यांत या कुळाचे दोन प्रमुख प्राणी. एक रुंद तोंडाची मगर आणि दुसरी लांब, अरुंद चोचीसारख्या तोंडाची सुसर, अर्थात घडियाल. प्रौढ नराच्या नाकाच्या शेंड्यावर घड्यासारखा गोळा येतो, त्यावरून हे नाव. घडियाल मासे खाऊन राहतो आणि माणसाच्या वाटेस जात नाही. मगर मात्र मासे, पक्षी, जनावरे, जे आटोक्यात येईल ते घेते, आणि प्रसंगी माणसावरही हल्ला करते. तिचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या अगदी वरच्या पातळीवर असल्यामुळे सारे शरीर बुडवून ती केवळ दोन-तीन उंचवट्यांनिशी पाण्यावर राहू शकते. काठावरच्या माणसाला दिसतो तो ओंडका, नंतर दिसतात ती वलये आणि मग काहीच नाही. दैवी शक्तीची कल्पना उत्पन्न होण्यास याहून सोयीचे दर्शन कोणते असणार?

गोव्यातील आपल्या वाचकांना हे सांगणे म्हणजे मांडवीला पाणी दाखविणे होय. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी मगरींसाठी शतकानुशतके ख्यात आहे. आदिलशाही अमलात तिसवाडीच्या रक्षणासाठी त्या मुद्दाम सोडल्या गेल्या अशी एक दंतकथा आहे, तर पोर्तुगिजांनी त्या पाळल्या असे दुसरी सांगते. निसर्गाचा अभ्यासक म्हणेल, की खारफुटी, चिखलाचे काठ आणि विपुल मासळी असल्यावर मगरीला आणून सोडण्यास कोणा राजाची गरज नव्हती. पण दोन्ही दंतकथांनी एक गोष्ट अचूक टिपली आहे: ते पाणी ओलांडणे सोपे नव्हते.

सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात, सासष्टीतील देवळे पाडली जात असताना, कुशस्थळीचा श्रीमंगेश आणि केळशीची श्रीशांतादुर्गा यांना घेऊन आपले पूर्वज जुवारीच्या पलीकडे अंत्रूज महालात आले. या प्रवासाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या ऐकताना मागून येणाऱ्या फिरंग्यांचे भय आपल्या डोळ्यांपुढे येते. खालच्या पाण्याचे भय कोणी सांगत नाही. माझी आजी मात्र सांगत असे. इंदुरात साठ वर्षे काढूनही तिची कोंकणी सुटली नव्हती. दिवेलागणीनंतर आम्ही मुलांनी मगरीचा विषय काढला की ती दटावी, "राती ताचें नांव घेवचें न्हय." आणि तरीही त्या प्राण्याविषयी तिच्या बोलण्यात द्वेष नसे. माणगें हे तिच्या लेखी भिण्याजोगे होते आणि हात जोडण्याजोगेही.

हा भाव तिच्या एकटीचा नव्हता. फोंडे तालुक्यातील दुर्भाट, बोरी या परिसरात पौष महिन्यात माणगेथापणी होते. खाजन शेतीच्या बांधाजवळ शेतकरी ओल्या चिखलाची मगर घडवितात, शिंपल्या-कवड्यांनी आणि काटक्यांनी तिचे डोळे, दात, खवले सजवितात आणि तिची पूजा करून नैवेद्य दाखवितात. खाजन म्हणजे समुद्रसपाटीच्या लगतची, खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली जमीन. बांध फुटला की पीक गेले, आणि बांधावर, मानशीवर काम करणाऱ्या माणसाचा रोजचा शेजार मगरीचा. ज्याच्याशी रोज गाठ पडते त्याला राक्षस म्हणून भागत नाही. त्याच्याशी काही करार करावा लागतो. माणगेथापणीकडे मी असा करार म्हणून पाहतो: वर्षातून एकदा तुला मान, उरलेले वर्ष आमच्या गुराढोरांना आणि लेकरांना तुझी क्षमा. त्याची सही चिखलात होत असल्यामुळे दर वर्षी ती नव्याने करावी लागते.

दक्षिणेस, मराठी आणि कोंकणी घरे असलेल्या कासरगोड जिल्ह्यात, अनंतपुरचे देऊळ तळ्याच्या मध्यभागी आहे. तेथील बबिया नावाची मगर ९ ऑक्टोबर २०२२ रोजी वारली तेव्हा दर्शनाला लोक लोटले आणि तिला देवळाच्या आवारात पुरण्यात आले. ती केवळ देवाचा प्रसाद खात असे, अशी भाविकांची श्रद्धा होती. १९४५ मध्ये एका इंग्रज शिपायाने तेथील मगर मारली आणि थोड्याच दिवसांत दुसरी आपोआप प्रकटली, असेही सांगतात. येथे माझ्यातील वकील अडखळतो. तळ्यात मासे होते, आणि मगर रात्री काय खाते याचा साक्षीदार क्वचितच मिळतो. शिवाय हा शीतरक्ताचा प्राणी थोड्या अन्नावर दीर्घकाळ राहू शकतो. प्रकटण्याविषयी म्हणाल तर मगरी पावसाळ्यात जमिनीवरूनही एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच तळ्यात आणखी एक मगर दिसली. ती कोठून आली, याचा विचार भाविकाने केला तर त्याची भक्ती उणावेल असे मला वाटत नाही. त्या तळ्याकाठी दशकानुदशके माणसे आणि मगर एकमेकांना इजा न करता राहिली. हे सत्य आहे, आणि ते माझ्या लेखी शाकाहाराच्या कथेहून मोठे आश्चर्य आहे.

वडोदऱ्याचे उदाहरणही डोळ्यांआड करू नये. गायकवाडांच्या त्या नगरीतून, जेथे पिढ्यानपिढ्या मराठी कुटुंबे नांदत आहेत, विश्वामित्री नदी वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांत, रस्त्यांवर आल्या. स्वयंसेवकांनी आणि वनखात्याच्या माणसांनी त्यांना पकडून परत पाण्यात सोडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना संरक्षण दिले, १९७५ पासून त्यांच्या संवर्धनाची योजना चालली, हे खरे. परंतु घरात शिरलेल्या मगरीला काठीने न मारता दोरीने बांधून नदीवर नेणारे हात केवळ कलमांनी घडत नाहीत. खोडियार मातेला मगरीवर बसलेली पाहणाऱ्या प्रदेशातले ते हात होते.

आपल्या परंपरेत मगरीच्या दोन कथा सर्वांस ठाऊक आहेत. पूर्णा नदीत बाल शंकराचार्यांचा पाय मगरीने धरला आणि त्या संकटातून त्यांनी आईकडून संन्यासाची अनुज्ञा मिळविली. भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राचा पाय ग्राहाने धरला आणि भगवान धावून आले. ही दुसरी कथा कीर्तनात ऐकताना आपण गजेंद्राच्या सुटकेवर थांबतो. पण भागवतकार थांबत नाहीत. ग्राहही मुळात हूहू नावाचा गंधर्व होता, देवल ऋषींच्या शापाने त्या देहात पडला होता, आणि त्याच प्रसंगी तोही मुक्त झाला. लॉख नेसजवळच्या नदीत सातव्या शतकातील चरित्रकाराने वर्णिलेला संत कोलंबा जलचराला आज्ञा करून पळवून लावतो, आणि कथा तेथे संपते. आपल्या कथेत जलचराचाही निवाडा होतो आणि तो निर्दोष सुटतो.

आता त्या चुलत्याकडे परत येतो. आसरा म्हणजे अप्सरा, सात जलदेवता. देशावर आणि कोकणात कित्येक डोहांच्या काठी शेंदूर-कुंकू लावलेले त्यांचे सात दगड दिसतात. मराठी माणूस शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर, जिवबादादा केरकरांसारख्या सारस्वत सरदारांच्या काळात, माळव्यात आला तेव्हा या देवताही त्याच्याबरोबर आल्या असतील. लहानपणी मी त्या दगडांना अंधश्रद्धेची खूण समजत असे. आज मला ते वेगळे दिसतात. जेथे पाण्याखाली कपार आहे, भोवरा आहे, काठ एकदम तुटतो, तेथेच ते दगड मांडलेले असतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजाने मुलांसाठी उभारलेले ते कुंपण होते. त्या खाणीच्या काठी कुंपण नव्हते आणि दगडही नव्हते. ठेकेदाराने खड्डा नवा पाडला होता; त्याला देव कोठून असणार? आसरांचे नाव सावध करण्यासाठी होते. आम्ही ते जबाबदारी झटकण्यासाठी वापरले. लोककथा खोटी पडली नाही, आम्ही ती खोट्या कामाला लावली. पाण्यात काळे हलले ते बहुधा त्या मुलाचेच केस असावेत, हे मला फार उशिरा सुचले, आणि सुचल्यापासून ते विसरता येत नाही.

इंदूर हे नर्मदेचे पाणी पिणारे शहर आहे. १९७८ पासून जलूदहून ते पाणी वर चढवून आमच्या नळांना येते; मकरवाहिनी रोज सकाळी आमच्या घागरीत उतरते. याच जिल्ह्यातील जानापाव डोंगरावर, जेथे परंपरा परशुरामाचा जन्म मानते, चंबळ उगम पावते. ज्या परशुरामाने आपल्याला कोकणभूमी दिली असे आपण म्हणतो, त्याच्या अंगणातून निघालेली ही नदी पुढे घडियालांचे देशातील सर्वांत मोठे आश्रयस्थान होते. २००७-०८ च्या हिवाळ्यात तेथे शंभराहून अधिक घडियाल मूत्रपिंडाच्या विकाराने मेले. त्याचा दोष इंदूरवर ठेवण्यास पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून मी तो ठेवणार नाही. परंतु आमची कान्ह नदी वर्षानुवर्षे शहराची घाण घेऊन क्षिप्रेस आणि क्षिप्रा चंबळेस मिळते, यास पुरावा लागत नाही. सिरपूर आणि यशवंतसागर या तलावांना २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले आणि २०२५ मध्ये इंदूरला आर्द्रभूमी-नगर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली, ही समाधानाची गोष्ट आहे. तो मान कान्हच्या काठी उभे राहूनही आपल्याला सांगता आला पाहिजे.

गेल्या वर्षी मंगेशीस गेलो असता परतताना मी कुंभारजुव्याच्या खाडीवर होडी केली. भरतीची वेळ होती, ऊन उतरत होते. होडीवाल्याने हात वर करून वल्हे थांबविले. पाण्यावर एक ओंडका होता. मग तो नव्हता. माझ्याबरोबरच्या मुलाने विचारले, "बाबा, ती मगर होती का?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, की मला नक्की सांगता येणार नाही. होडीवाल्याने मात्र काही न बोलता कपाळाला हात लावला. तेव्हा मीही लावला.